अंधारात देणारा हात : संत निकोलस



डिसेंबर लागला की दुकानांच्या काचांवर एक गुबगुबीत, पांढऱ्या दाढीचा, लाल कपड्यांतला म्हातारा दिसू लागतो. तुमच्या घरातल्या मुलांना, नातवंडांना तो चांगला ठाऊक असतो. शाळेत, सोसायटीत कोणीतरी त्याचा वेश करून चॉकलेट वाटतो. आपल्याकडे कोणी त्याला नाताळबाबा म्हणतात, बहुतेक जण सांताक्लॉज. नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला, त्याचा अर्थ जन्माचा सण. सांताक्लॉज हे नावही असेच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाता जाता झिजलेले आहे. मूळ नाव संत निकोलस. ते सुमारे सतराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेले एक बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्माध्यक्ष. बर्फ, हरणांची गाडी, उत्तर ध्रुव यांच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचा सारा जन्म भूमध्य समुद्राच्या उबदार किनाऱ्यावर गेला.

आज या संतांची ओळख करून घेऊ. पण एक गोष्ट आधी सांगितलेली बरी. निकोलस यांनी स्वतः लिहिलेली एकही ओळ आज उपलब्ध नाही. त्यांचे पहिले सविस्तर चरित्र मायकेल नावाच्या मठाधिपतींनी नवव्या शतकात लिहिले, म्हणजे संतांच्या निधनानंतर सुमारे पाचशे वर्षांनी. आपल्याला याचे फार नवल वाटायला नको. महिपतींनी भक्तविजय १७६२ मध्ये पूर्ण केला, तेव्हा ज्ञानेश्वर माउलींना समाधी घेऊन साडेचारशे वर्षे होऊन गेली होती. मधल्या काळात गोष्टी लोकांच्या तोंडी राहतात, वाढतात, एकमेकींत मिसळतात. निकोलस यांच्या बाबतीत तर अशी गंमत झाली की त्याच परिसरात सहाव्या शतकात निकोलस नावाचेच दुसरे एक मठाधिपती होऊन गेले, आणि त्यांच्या चरित्रातले प्रसंग या निकोलस यांच्या नावावर जमा झाले. म्हणून पुढे वाचताना तुम्ही एवढे ध्यानात ठेवा की यातले बरेचसे परंपरेने सांगितलेले आहे.

परंपरेनुसार निकोलस यांचा जन्म इ. स. २७० च्या सुमारास पतारा या बंदराच्या गावी झाला. हा प्रदेश तेव्हा लिसिया म्हणून ओळखला जाई. आज तो तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर येतो. राज्य रोमनांचे, लोकांची भाषा ग्रीक. आईवडील सधन आणि श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ख्रिस्ती असणे त्या काळी सोपे नव्हते. राजधर्म वेगळा होता आणि कधी कोणता सम्राट छळ सुरू करील याचा नेम नसे. अशा घरात हा मुलगा वाढला. तो वयात येतो न येतो तोच साथीच्या रोगात आई आणि वडील दोघेही गेले. घर, पैसा, सगळी मालमत्ता एका तरुण मुलाच्या हाती आली.

इथे थोडे थांबूया. येशू ख्रिस्तांच्या चरित्रात एका श्रीमंत तरुणाचा प्रसंग आहे. त्याने सगळी आज्ञापालने केली होती, तरी आणखी काय करावे असे त्याने विचारले. येशूंनी त्याला सांगितले की जे आहे ते विकून गरिबांना देऊन टाक आणि माझ्याबरोबर ये. तो तरुण खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याच्याकडे पुष्कळ होते. निकोलस यांनी हा प्रसंग लहानपणापासून ऐकलेला असणार. त्याच येशूंची आणखी एक शिकवण डोंगरावरच्या प्रवचनात आहे. दान करायचे तर इतके गुपचूप करा की आपल्याच एका हाताने केलेले दुसऱ्या हाताला कळू नये. आपल्याकडे गुप्तदानाबद्दल बोलताना हे वाक्य इतके सहज वापरले जाते की त्याचा हा उगम आपल्या लक्षातही येत नाही. पहिली शिकवण काय द्यायचे ते सांगते, दुसरी कसे द्यायचे ते सांगते. निकोलस यांनी दोन्ही एकदम उचलल्या.

पताऱ्यात त्यांच्या शेजारी एक गृहस्थ राहत होते. एकेकाळी खाऊनपिऊन सुखी, पण धंदा बुडाला आणि घर रिकामे झाले. त्यांना तीन मुली होत्या, तिन्ही लग्नाच्या वयाच्या. आता हे वाचताना तुम्हाला काही परके वाटणार नाही. त्या समाजातही मुलीच्या बापाने हुंडा द्यायचा अशी रीत होती. हुंडा नाही तर स्थळ नाही, आणि लग्न न झालेल्या गरीब मुलीला सन्मानाने जगायला जवळजवळ कुठलीच वाट नाही. १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा असलेल्या आपल्या देशातही किती बापांच्या झोपा याच काळजीने उडतात हे तुम्ही पाहिले असेल. या बापाची तर मती इतकी गुंग झाली की मुलींना वेश्यागृहात पाठवून पोट भरावे असा विचार त्याच्या मनात पक्का होऊ लागला.

ही बातमी निकोलस यांच्या कानी आली. त्यांच्याकडे पैसा होता. दिवसाढवळ्या दार ठोठावून तो देता आला असता, आणि त्यात वाईट काही नव्हते. पण त्या घराची कालपर्यंतची स्थिती त्यांना माहीत होती. उपाशी माणसाला अन्न देणे सोपे असते. ज्याने काल दुसऱ्यांना जेवू घातले आणि आज स्वतः उपाशी आहे, त्याला देणे फार अवघड. घेताना त्याची मान खाली जाते ती पुन्हा सहजी वर येत नाही. शिवाय मुलींचे काय? आपले लग्न अमक्याच्या पैशाने झाले हे ओझे त्यांना सासरीही वाहावे लागले असते.

म्हणून त्यांनी रात्र निवडली. सोन्याची नाणी फडक्यात बांधली, त्या घराच्या खिडकीतून आत टाकली आणि कोणी पाहायच्या आत परत फिरले. सकाळी बापाच्या हाती ते गाठोडे लागले. त्याला रडू आवरेना. कोणी दिले, का दिले, काही कळायला मार्ग नव्हता. त्याने देवाचे आभार मानले आणि थोरल्या मुलीचे लग्न लावून दिले.

यापुढचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि मुलांना गोष्ट सांगताना तो नेमका गळतो. निकोलस यांनी दुसरे गाठोडे लगेच टाकले नाही. त्या पैशाचे काय होते ते त्यांनी आधी पाहिले. तो मुलीच्या लग्नासाठीच खर्च झाला, बापाने दुसरीकडे उधळला नाही, याची खात्री पटल्यावर पुन्हा एका रात्री तेवढेच सोने त्याच खिडकीतून आत पडले. करुणा होती, पण डोळे उघडे ठेवून केलेली.

दुसऱ्या मुलीचेही लग्न झाले. आता बापाला राहवेना. आपला कैवारी कोण हे कळलेच पाहिजे, म्हणून तो रात्र रात्र जागू लागला. तिसऱ्यांदा सोने जमिनीवर पडल्याचा आवाज होताच तो बाहेर धावला आणि अंधारात पळणाऱ्या माणसाला त्याने गाठले. पाहतो तो शेजारचा निकोलस. बापाने पाय धरले. निकोलस यांनी त्याला उठवले आणि ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही असे वचन घेतले.

वचन पुरते पाळले गेले नसावे. नाही तर आज तुमच्या माझ्यापर्यंत ही गोष्ट आलीच नसती!

पुढे शतकानुशतके ती सांगितली गेली, चित्रांत रंगवली गेली. कोणी म्हणाले, तिसऱ्या खेपेला खिडकी बंद होती म्हणून त्यांनी धुराड्यातून सोने टाकले. कोणी म्हणाले, ते चुलीपाशी वाळत घातलेल्या पायमोज्यात पडले. मुले नाताळच्या आदल्या रात्री मोजे टांगून ठेवतात ते या कथेमुळे. चित्रकारांनी तीन गाठोड्यांचे तीन सोन्याचे गोळे केले. मोज्याच्या टोकाला संत्रे ठेवण्याची काही देशांतली पद्धत त्या गोळ्यांवरूनच आली असे मानतात. एवढ्या मोठ्या सणाच्या भेटवस्तूंमागे अडल्यानडल्या बापाच्या तीन मुली आहेत, हे त्या झगमगाटात कोणाच्या लक्षात येते?

एक माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी मिळून एका वस्तीत धान्याची पाकिटे वाटली. हेतू चांगला होता, धान्यही चांगले होते. पण प्रत्येक पाकीट देताना फोटो काढायचा असे ठरले होते, कारण वर्गणी देणाऱ्यांना तो पाठवायचा होता. रांगेत एक बाई आल्या. पाकीट हातात घेताना त्यांनी पदर ओढून तोंड झाकले. फोटो काढणाऱ्याने पदर बाजूला करायला सांगितला. ते सांगणारा मीच होतो. त्यांनी पदर खाली केला, फोटो झाला, त्या गेल्या. त्या फोटोत मी हसतो आहे. निकोलस यांची गोष्ट मी तोवर अनेकदा वाचली होती, मुलांना सांगितलीही होती.

असो. आपण पुढे जाऊ.

पताऱ्याच्या पूर्वेला त्याच किनाऱ्यावर मायरा हे मोठे शहर होते. बायबलमध्ये त्याचा उल्लेख आहे. संत पौल यांना कैदी म्हणून रोमला नेत असताना त्यांना मायरा येथे अलेक्झांड्रियाच्या एका जहाजावर चढवण्यात आले. आज या गावाला डेमरे म्हणतात. डोंगराच्या कड्यात कोरलेली प्राचीन थडगी आणि रोमन काळातले भव्य नाट्यगृह तिथे अजून पाहायला मिळते. या मायराचे बिशप निवर्तले, तेव्हा नवा बिशप कोण यावर धर्मगुरूंचे एकमत होईना. मग त्यांच्यातल्या एका ज्येष्ठाला दृष्टान्त झाला की पहाटे प्रार्थनेला जो पहिला मंदिराच्या दारात येईल आणि ज्याचे नाव निकोलस असेल, त्याला नेमावे. पहाटे उठून प्रार्थनेला जाण्याची सवय असलेला हा तरुण नेमका पहिला आला. अशी कथा आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठणाऱ्यांना ती ऐकायला बरी वाटेल!

इ. स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती समाजाविरुद्ध मोठी मोहीम उघडली. प्रार्थनामंदिरे पाडली गेली, ग्रंथ जाळले गेले, धर्मगुरू तुरुंगात गेले. निकोलस यांनाही बरीच वर्षे कैद भोगावी लागली असे परंपरा सांगते. इ. स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले आणि छळाचे पर्व संपले. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे बिशपांची पहिली मोठी परिषद भरली. तिच्या काही याद्यांत निकोलस यांचे नाव आहे, काहींत नाही. त्या परिषदेत त्यांनी एरियस नावाच्या विरोधकाच्या थोबाडीत मारली अशी एक गोष्ट हल्ली डिसेंबरमध्ये मोबाइलवर फिरते. ती हजार वर्षांनंतरच्या लेखनात येते. मला तरी ती त्यांच्या स्वभावाशी जुळणारी वाटत नाही.

जुळणारी वाटते ती धान्याची गोष्ट. मायराच्या बंदराचे नाव अंद्रियाके. तिथे सम्राट हेड्रियनच्या काळात बांधलेले धान्याचे प्रचंड कोठार आजही उभे आहे, त्यात आता संग्रहालय आहे. इजिप्तचा गहू जहाजांनी राजधानीकडे जायचा, आणि जहाजे वाटेत इथे थांबायची. एका वर्षी लिसियात दुष्काळ पडला. लोक उपाशी, आणि बंदरात गव्हाने भरलेली जहाजे उभी. तुम्ही कल्पना करा, त्या लोकांना काय वाटले असेल. निकोलस जहाजांच्या तांडेलांकडे गेले आणि प्रत्येक जहाजातून शंभर मापे गहू मागितला. तांडेल घाबरले. अलेक्झांड्रियात माल मोजून भरलेला, तिकडे सरकारी अधिकारी पुन्हा मोजून घेणार, एक माप कमी भरले तरी शिक्षा ठरलेली. निकोलस यांनी हवाला दिला की तुमचे काही कमी पडणार नाही. त्यांच्या शब्दावर तांडेलांनी धान्य उतरवले. राजधानीत माप झाले तेव्हा भरताना होते तेवढेच भरले. इकडे मायरात तो गहू खायला पुरला आणि पेरायलाही राहिला. चमत्कार मानायचा की नाही हे तुमच्या श्रद्धेवर सोडतो. मला त्यात तांडेलांचेही मोठेपण दिसते. जोखीम त्यांनी घेतली होती.

आणि एक प्रसंग. लेखी स्वरूपात पाहिले तर निकोलस यांच्याबद्दलची ही सर्वांत जुनी कथा आहे, तीन मुलींच्या कथेपेक्षाही जुनी. मायराच्या सुभेदाराने लाच खाऊन तीन निरपराध माणसांना देहान्ताची शिक्षा दिली होती. निकोलस बाहेरगावी होते. निरोप मिळताच ते धावत निघाले आणि वधस्थानी पोचले तेव्हा कैदी गुडघ्यांवर बसवलेले, माना पुढे काढलेल्या, मारेकऱ्याची तलवार उचललेली. निकोलस यांनी ती तलवार हातांतून हिसकावून घेतली आणि कैद्यांच्या दोऱ्या सोडल्या. मग सुभेदाराला समोर उभे करून लाचेची कबुली द्यायला लावली. रशियन चित्रकार इल्या रेपिन यांचे या प्रसंगावरचे १८८८ मधले मोठे चित्र प्रसिद्ध आहे. रात्री चोरपावलांनी सोने टाकणारा माणूस इथे भर चौकात, सगळ्यांसमोर उभा राहतो. मदत करताना त्यांनी तोंड लपवले, अन्याय अडवताना लपवले नाही.

६ डिसेंबर ३४३ ही त्यांच्या निधनाची परंपरागत तारीख. महाराष्ट्रात ६ डिसेंबर म्हटले की चैत्यभूमी आठवते. जगातले अनेक ख्रिस्ती देश त्याच दिवशी संत निकोलस यांचे स्मरण करतात. मायरात त्यांच्या समाधीवर मंदिर उभे राहिले. खलाशांनी त्यांना आपला रक्षक मानले, आणि खलाशी जिथे जिथे गेले तिथे तिथे हे नाव गेले. ग्रीस आणि रशियात त्यांच्याइतकी लोकप्रियता फार थोड्या संतांना लाभली.

अकराव्या शतकात तो प्रदेश सेल्जुक तुर्कांच्या ताब्यात जाऊ लागला. तेव्हा १०८७ मध्ये इटलीतल्या बारी शहराचे खलाशी मायरात आले, त्यांनी समाधी फोडली आणि अस्थी घेऊन गेले. ९ मे रोजी त्या बारीला पोचल्या. राखणदारांना न जुमानता नेल्या, म्हणजे चोरीच. बारीचे लोक म्हणतात वाचवल्या. पवित्र वस्तूंच्या बाबतीत माणसे असे शब्द नेहमीच बदलून घेतात. उरलेल्या काही अस्थी पुढे व्हेनिसच्या लोकांनी नेल्या. विसाव्या शतकात बारीतल्या अस्थींची शास्त्रीय तपासणी झाली, तिच्या मापांवरून पुढे चेहराही तयार करण्यात आला. नाकाचे हाड मोडून वेडेवाकडे जुळलेले आढळले. तुरुंगातल्या माराने ते मोडले असावे असे भाविक म्हणतात.

मग हा सडपातळ बिशप लाल टोपीचा म्हातारा कसा झाला? युरोपात त्यांच्या दिवसाच्या आदल्या रात्री मुलांना खाऊ, खेळणी देण्याची प्रथा होती. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मसुधारणेने संतपूजेला विरोध केला, आणि त्यांच्या अनुयायांत भेटी नाताळच्या दिवसाकडे, बाळ येशूंच्या नावावर सरकल्या. डच लोकांनी मात्र आपला सिंटरक्लास सोडला नाही. हे नाव अमेरिकेत इंग्रजी तोंडी सांताक्लॉज झाले. १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वृत्तपत्रात एक निनावी कविता छापून आली, तिने त्यांची हरणांची गाडी आणि नाताळच्या आदल्या रात्रीची भेट लोकांत रुजवली. १८६३ पासून टॉमस नास्ट या चित्रकाराने साप्ताहिकात त्यांना गोलमटोल केले. १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी ते रूप जगभर पोचवले. बिशपांचा उंच मुकुट जाऊन गोंड्याची टोपी आली.

यावर टीका करणे सोपे आहे, आणि बाजाराबद्दल ती खरीही आहे. पण दुसरी एक बाजू मला अलीकडे दिसू लागली. मध्यरात्री उठून मुलाच्या उशाशी खेळणे ठेवणारे आईवडील सकाळी काय ऐकतात? मुलगा सांताचे आभार मानतो, त्यांचे नाही. वर्षभर घाम गाळून घेतलेल्या वस्तूचे श्रेय ते हसत हसत दुसऱ्याला देऊन टाकतात, आणि त्यांना त्याचे वाईट वाटत नाही.

नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरची संध्याकाळ आजही मोठ्या हौसेने साजरी होते. त्याआधीचे काही दिवस मुले चुलीपाशी बूट मांडून ठेवतात, संतांच्या घोड्यासाठी त्यात एक गाजर ठेवतात. मोठी माणसेही एकमेकांना भेटी देतात, आणि प्रत्येक भेटीबरोबर घेणाऱ्याची थट्टा करणारी एक कविता असते. ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची असते. खाली सही असते संत निकोलस यांची. खरे कोणी दिले ते विचारायचे नाही, आणि ओळखले तरी बोलून दाखवायचे नाही.